पन्नीतला ताड

घाटंजीत बी पेरल्यावर माणसानं किती दिवस थांबायचं, हे ठरलेलं आहे. मृगाचा पाऊस झाला, सरकी टोबली, की पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस वावरात जाऊन तासावर वाकून बघतो. आठव्या दिवशी हिरवं दिसलं नाही तर बोटानं माती उकरतो. दहाव्या दिवशी चहाच्या टपरीवर ‘दुबार’ हा शब्द निघतो आणि त्याच्या पाठोपाठ उधारीचा विषय. मी नोकरीची सगळी वर्षं जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात काढली. बी ही माझ्यासाठी क्विंटलात मोजायची वस्तू होती. एका पावसाळ्याच्या सुरुवातीला मी अकरा बिया मोजून ओल्या कोकोपीटमध्ये घातल्या, झिपच्या पन्नीत बंद केल्या आणि पत्र्याच्या खोलीत खुंटीला टांगल्या. श्रावण गेला, पोळा गेला, काही झालं नाही. “सडलं असन जी भाऊजी, फेका आता,” शेजारच्या वहिनी म्हणाल्या. मी ते फेकलं नाही याचं खरं कारण आळस. दिवाळीच्या साफसफाईत पन्नी खाली उतरली तेव्हा एका बीच्या टोकातून पांढरी, करंगळीएवढी सोंड बाहेर आलेली होती, आणि ती वर जायचं सोडून खाली निघाली होती.

ते बी होतं बिस्मार्किया नावाच्या पामचं. मूळचं मादागास्करच्या पश्चिमेकडच्या गवताळ माळावरचं झाड. पंख्यासारखी पानं, रंग निळसर चांदीचा, आणि नाव जर्मनीच्या बिस्मार्कवरून. मोठ्या हॉटेलांच्या हिरवळीवर ते अलीकडे दिसू लागलं आहे. घाटंजीत कोणी लावल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

ही पुस्तिका त्या सोंडेपासून सुरू झाली. नंतरच्या वर्षांत ज्या बिया पेरल्या, ज्या उगवल्या आणि ज्या (बऱ्याच जास्त) मेल्या, त्यांची वही मी ठेवत गेलो. हिशेबाची सवय, दुसरं काय. कोणी ना कोणी ती वही मागून न्यायचं आणि हळदीचे डाग पाडून परत आणायचं, म्हणून ती छापायचं ठरलं. पामवरची जी पुस्तकं मिळतात ती फ्लोरिडासाठी लिहिलेली असतात, आणि मराठीत जे आहे ते बहुतेक कोकणातल्या नारळ-सुपारीचं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर नेणाऱ्या, काळ्या मातीच्या, बोअरच्या क्षारांच्या गावात हा छंद कसा करायचा हे कोणी सांगत नाही.

आधी या झाडांच्या जातकुळीबद्दल. मराठीत ताड, माड, पोफळी, शिंदी, खजूर असं प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे. सगळ्यांना मिळून एक शब्द रोजच्या बोलण्यात नाही, म्हणून आपण ‘पाम’ म्हणतो. संस्कृतानं मात्र या गोतावळ्याला फार पूर्वी ओळखलं होतं. अमरकोशात ताडाला तृणराज म्हटलं आहे, गवतांचा राजा. शिवाय तृणद्रुम, म्हणजे गवतातली झाडं, असा गटही तिथे आहे. वनस्पतिशास्त्रही फारसं वेगळं सांगत नाही. पाम हे गवतासारखंच एकदल. त्याच्या खोडात सागासारखी वर्षाची वलयं पडत नाहीत. तिकडे स्वीडनच्या लिनियसलाही या झाडांना राजपुत्रच म्हणावंसं वाटलं. त्या लॅटिन शब्दावरून, १९५६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या पाम सोसायटीनं आपल्या नियतकालिकाचं नाव ‘प्रिन्सिपेस’ ठेवलं होतं. या कुळात जगभरात सुमारे २,६०० जाती आहेत. सगळ्यांत मोठं बी, सगळ्यांत लांब पान आणि सगळ्यांत मोठा फुलोरा हे तिन्ही मान याच घराण्यात आहेत.

वलयं नाहीत ही गोष्ट छंद करणाऱ्यानं नीट समजून घ्यावी, कारण त्याचा सगळा धीर तिथेच लागतो. सागाचं खोड दरवर्षी जाड होत जातं. पामला तशी सोय नाही. खोडाची जाडी आधी जमिनीलगत पुरी करायची आणि मगच उंची घ्यायची. म्हणून ताडाचं रोप कित्येक वर्षं नुसती पानं काढत बसतं, खोड म्हणून काही दिसतच नाही. ‘पोरगं ताडमाड वाढलं’ हा वाक्प्रचार ज्यानं केला, त्यानं ताड पाहिला तो खोड आल्यानंतर; बी लावून पाहिलं असतं तर हे त्याच्या तोंडून निघालं नसतं. आमच्याकडे येणारे लोक चार वर्षांचं रोप बघून विचारतात, “वाढत नाही का हे?” ते वाढत असतं, बुडाशी.

आता गावातलं. आपल्या भागात आपसूक उगवलेलं आणि सर्वांनी पाहिलेलं पाम म्हणजे शिंदी. नाल्याच्या काठी, जुन्या विहिरीवर वाकलेली, खोडावर जुन्या देठांच्या खुणांची नक्षी. विहिरीवर झुकलेल्या झावळ्यांना सुगरणी घरटी टांगतात, कारण खाली पाणी आणि वर काटे, साप-मांजराला वाट नाही. याच पानांची केरसुणी दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजली जाते, आणि याच झाडाच्या रसामुळे त्याची बदनामीही झाली: शिंदीखाली बसून दूध प्यायलं तरी लोक शिंदीच म्हणणार. नाला खोलीकरणाला यंत्र आलं की पहिली ही जाते. सागाची तोड कोणाच्या तरी डोळ्यांवर येते. शिंदीबद्दल कोणी विचारत नाही. दुर्मीळ पामच्या पुस्तिकेत मी पहिलं प्रकरण शिंदीला दिलं, याचं काहींना हसू आलं. पण हात बसवायला शिंदीसारखी जात नाही: बी फुकट, उगवण खात्रीची, आणि चुकलं तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घड पिवळे होतातच.

ताड बघायचा तर पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जावं. उन्हाळ्यात तिकडून ताडगोळे येतात. ते कोवळं बी. फळ पिकू दिलं तर आत केशरी, तंतुमय गर आणि साधारण तीन बिया निघतात, दगडासारख्या. तेलंगणात या बिया मातीत पुरतात आणि महिन्यांनी खोदून त्यांचे पिठूळ, गाजरासारखे कोंब काढतात. उकडून-भाजून खायला बाजारात त्यांच्या जुड्या विकायला येतात. तेलुगूत त्यांना तेगलू म्हणतात. मी पहिल्यांदा ती जुडी हातात घेतली तेव्हा माझ्या पन्नीतल्या सोंडेचा उलगडा झाला. ताड, शिंदी, बिस्मार्किया यांच्या बीमधून आधी एक नळी निघते. ती बाळरोपाला पोटात घेऊन जमिनीत खोल जाते, तिथे मूळ धरते, आणि मग पहिलं पान बीपासून दूर, भलत्याच ठिकाणी वर येतं. नारळ-सुपारीचं तसं नाही. त्यांचा कोंब बीला चिकटूनच उभा राहतो. सगळं पामशास्त्र विसरलात तरी चालेल, हा फरक विसरू नका. खाली जाणाऱ्या जातीला उथळ कुंडी दिली तर नळी तळाशी वळून बसते आणि रोप जन्मभराचं अधू होतं.

दुर्मीळ कशाला म्हणायचं, हा प्रश्न मला पहिल्यापासून छळतो. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलच्या दारात कुंडीत जो पिवळसर देठांचा झुपका असतो, तो ‘अरेका पाम’. नाव सुपारीचं, पण सुपारीशी नातं दूरचं. हेही झाड मादागास्करचंच. जगभर त्याच्या कोट्यवधी कुंड्या असतील. मूळच्या बेटावरचं त्याचं रान मात्र कमी होत चाललं आहे. बॉटल पामची कथा याहून विचित्र. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या चिमुकल्या बेटावरचा. माणसानं सोडलेल्या बकऱ्या-सशांनी ते बेट खरवडून खाल्लं आणि रानातली झाडं बोटांवर मोजण्याइतकी उरली. बागांतून मात्र तो दुनियाभर पसरला आहे. (आपल्याकडे ज्याला नर्सरीवाले बॉटल पाम म्हणतात तो बहुधा रॉयल पाम असतो, क्यूबाकडचा. मीही एकदा बॉटलचे पैसे देऊन रॉयल घरी आणला. पाच वर्षांनी तो छपराच्या वर गेला तेव्हा कळलं.) आणि मॉरिशसमध्येच, क्युरपिपच्या वनस्पती उद्यानात, बॉटल पामच्या एका भावंडाचं जगातलं एकमेव झाड उभं आहे. त्याला बी धरतं, पण रोप टिकवणं कोणाला साधलेलं नाही. एकाच घराण्यातल्या दोघांचं असं नशीब.

तिसरं उदाहरण फॉक्सटेल पामचं. कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुबकेदार झावळी असलेलं हे झाड ऑस्ट्रेलियाच्या केप मेलव्हिलच्या खडकाळ भागातलं. शास्त्रानं त्याला नाव दिलं १९८३ मध्ये. तिथल्या आदिवासींपैकी त्या झाडाची माहिती असलेल्या वोड्येती या वृद्धाच्या नावावरून. बातमी फुटताच बियांची चोरी सुरू झाली, राष्ट्रीय उद्यानात शिरून पोती भरून नेली गेली. आणि आज? चाळीस वर्षांत ते आपल्या महामार्गांच्या दुभाजकापर्यंत आलं आहे. ज्या बीसाठी चोऱ्या झाल्या ते आता पायाखाली पडलेलं असतं. लोकांनी घरोघरी ते पेरलं, एवढंच. चोरीचं समर्थन मी करत नाही. पण दुर्मीळपणा कमी करायचा एक रस्ता परसातून जातो, हे या झाडानं दाखवलं. २००८ मध्ये जगाला माहीत झालेल्या मादागास्करच्या ताहिना पामच्या वेळी मग जरा शहाणपणानं घेतलं गेलं: बिया रीतसर गोळा करून हौशी लोकांना विकल्या आणि पैसा त्या गावाकडे वळवला. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं, आपल्या दक्षिणेतल्या श्रीताळासारखं.

या छंदाचा मराठी मुलखाशी संबंध शोधायला गेलं की मुंबईत एक स्विस पाद्री भेटतो. एथेलबर्ट ब्लॅटर, सेंट झेवियर कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी हिंदुस्थान आणि सिलोनमधल्या पामवर लेखमाला लिहिली, ती आधी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये येत होती आणि १९२६ मध्ये ग्रंथरूपानं निघाली. शंभर वर्षं झाली, अजून लोक ती उघडतात. कॉलेजातला वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. मुंबईला गेलात तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. १८६२ पासूनची बाग आहे, आणि पामची इतकी थोर खोडं एका आवारात क्वचित बघायला मिळतात. लोक पेंग्विनच्या रांगेत असतात, त्यामुळे झाडांखाली निवांत उभं राहता येतं.

थांबणं म्हणजे काय हे मात्र कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात कळतं. दर्याचा नारळ आपल्या आजीच्या बटव्याला ठाऊक होता. त्यालाच जहरी नारळ म्हणत, उगाळून देत. फकिरांच्या हातातला काळा कटोरा याच्याच कवटीचा. समुद्रावर तरंगत यायचा म्हणून लोकांना वाटे, हे झाड पाण्याखाली उगवतं. प्रत्यक्षात ते सेशेल्सच्या दोन बेटांवर आहे आणि त्याचं बी वनस्पतींत सर्वांत वजनदार. हावड्यात ते १८९४ मध्ये लावलं. फुलायला जवळजवळ शतक घेतलं, आणि फुललं तेव्हा ती मादी निघाली. जवळपास नर नाही. शेवटी २०१३ मध्ये थायलंडहून परागकण आणून हातानं फलन करावं लागलं. ज्यानं बी लावलं त्याच्या नातवालाही फळ दिसलं नसणार. आमच्या वहिनींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मंग तुमच्या पन्नीचं काय एवढं!” तेव्हापासून त्यांनी ‘फेका’ म्हणणं बंद केलं.

आता आपल्या गावाच्या फायद्याचं. ज्या उन्हाला आपण आठ महिने शिव्या देतो, तेच या छंदातलं भांडवल आहे. बहुतेक पामच्या बियांना उगवायला २५ ते ३५ अंशांची सलग ऊब लागते. थंड देशांतले हौशी लोक त्यासाठी बियांखाली विजेवर तापणारी चटई अंथरतात. आपल्याकडे पावसाळ्यातली पत्र्याची खोली पुरते, आणि थंडीत फ्रिजचा माथा. मात्र मे महिन्यात पत्र्याखाली पन्नी टांगू नका. माझ्या वीस फॉक्सटेलच्या बिया एका मे महिन्यात अक्षरशः शिजल्या. पन्नी उघडली तर उकडलेल्या शेंगांचा वास.

रीत पुढच्या पानांत सविस्तर आहे, इथे हाताला लागणाऱ्या गोष्टी तेवढ्या सांगतो. बी ताजं हवं; पामचं बी सरकीसारखं वाळवून पुढच्या हंगामाला ठेवायचं नसतं, बऱ्याच जातींत ते वाळलं की मेलं. गर पूर्ण खरवडून काढा, दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, तरंगणारी बाजूला करा. कोकोपीट मुठीत दाबलं तर थेंब गळू नये, पण मूठ उघडल्यावर गोळा टिकावा, इतकीच ओल. जास्त ओल म्हणजे बुरशी. ताड-बिस्मार्कियाला मी चार इंची पाइपचे दोन-दोन फुटी तुकडे कापून कुंड्यांसारखे वापरतो, तळाला जाळी, आत रेती, थोडी माती आणि जुनं शेणखत. काळी माती एकटी कधीच नको. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. बोअरच्या पाण्यानं पानांची टोकं करपतात, म्हणून पागोळीचं पाणी ड्रममध्ये धरतो. उधई, उंदीर आणि खार हे तिघे वाटेकरी आहेतच.

दोन चुका माझ्या नावावर आहेत, त्या तुम्ही करू नयेत. एक, नावं मार्करनं लिहिली. उन्हात ती एका उन्हाळ्यात उडाली आणि चाळीस पिशव्या बेवारशी झाल्या. त्यातल्या काहींची ओळख अजून पटलेली नाही. पेन्सिलीनं लिहा, ती टिकते. दुसरी चूक जिनिंगच्या माणसाला साजेशी: उकरून बघणं. रोप वर आल्यावरही ते बराच काळ बीमधून पोसलं जातं, नळी हीच त्याची नाळ. ‘बी अजून आहे का’ हे बघायला मी हात घातला आणि नाळ तुटली. रोप दोन महिने हिरवं राहिलं, म्हणून मला चूक कळलीही नाही. पामला वाढीचा कोंब एकच असतो. तो किंवा ती नाळ गेली की कडेनं फुटवा येईल ही आशा बहुतेक जातींत व्यर्थ.

इथे काय होत नाही, तेही सांगायला हवं. केरळ-तमिळनाडूच्या धुक्यातल्या डोंगरांवरचं बेंटिंकिया, दार्जिलिंगकडचे नाजूक पाम, यांच्यावर पैसे घालू नका. मार्चमधल्या पहिल्या झळईत ते कागद होतात. आपल्याला जमतात ते कोरड्या माळावरचे: बिस्मार्किया, मादागास्करचा त्रिकोणी खोडाचा ट्रँगल पाम, क्यूबाचे मेणकट पानांचे पाम, ताड, आणि दीव-गुजरातपासून कोकण किनाऱ्यापर्यंत आढळणारा, ज्याच्या खोडाला फांद्या फुटतात तो रावणताड. हा शेवटचा आपल्याच देशातला, आणि बी मिळवायला बिस्मार्कियापेक्षा अवघड. परदेशातल्या भाच्याला पाकिटातून बिया पाठवायला सांगण्याचा मोह होतो. पण २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे. एका पाकिटातून सोंड्या भुंग्याचा नवा भाऊबंद आला तर कोकणच्या बागा जातील. शिवाय वाटेत महिनाभर वाळलेल्या बिया उगवतही नाहीत, हे मी एकदा पैसे मोजून शिकलो.

पहिल्या अकरापैकी चार बिस्मार्किया जगले. दोन घराच्या कुंपणाशी आहेत, गुडघ्याच्या वर, चांदीचा रंग आता पक्का धरला आहे; खोडाचा पत्ता नाही. एक मित्राच्या वावराच्या धुऱ्यावर बैलानं खाल्ला. चौथा बदल्यात दिला, रावणताडाच्या दोन बियांसाठी. त्या उगवल्या नाहीत.

गेल्या भाद्रपदात वहिनी आदिलाबादला बहिणीकडे गेल्या होत्या. येताना तांदळाच्या थैलीत गुंडाळून तीन ताडबिया घेऊन आल्या, अजून गराचे केशरी तंतू चिकटलेले. “टांगा जी ह्या,” म्हणाल्या, “अन् तारीख माह्या नावानं टाका.” पन्नीत मावेनात, म्हणून बादलीत रेती भरून पुरल्या. तारीख पेन्सिलीनं लिहिली आहे. पाइपचे तीन तुकडे कापून ठेवले आहेत.